मांडीवर सतार, शेजारी पोथी

सातपूरच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात नोकरी केली. मशिनवरून उतरलेला भाग ड्रॉइंगप्रमाणे मापात आहे का, हे व्हर्नियर आणि मायक्रोमीटर लावून बघायचं, हे माझं काम. त्याच वर्षांत पंचवटीतल्या एका वाड्यात गुरुजींकडे सतार शिकलो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत विशारद झालो. निवृत्तीनंतर आता घरीच शिकवतो. माझ्याकडे शाळकरी मुलं येतात, नोकरदार येतात, आणि नातवंडं मोठी झाल्यावर ‘आता थोडं माझ्यासाठी’ म्हणत आलेल्या आजीही आहेत. या सगळ्यांना वाजवायला शिकवताना मी शास्त्र आणि इतिहासही शिकवतो. ‘काका, आम्हाला फक्त वाजवायचंय, थिअरी नको,’ असं सुरुवातीला बहुतेक जण म्हणतात. त्यातलेच कितीतरी जण पुढे शास्त्राच्या एखाद्या ओळीपाशी थबकलेले मी पाहिले आहेत. तसं का होतं, हे मला माझ्या स्वतःच्या शिकण्यातून उमगलं.

गुरुजींची सुरुवात हातापासून असे. मांडी कशी घालायची, भोपळा कुठे टेकवायचा, दांडीचा कोन किती, हे बसायला बरेच आठवडे गेले. मग नखी. ‘दा’ म्हणजे तारेवर आतल्या बाजूला आघात, ‘रा’ म्हणजे बाहेरच्या बाजूला. डाव्या हाताची बोटं तारेने कापली जायची, म्हणून खोबरेल तेलाची वाटी शेजारी. तिसरी पाळी करून आलो की दिवसा झोपायच्या आधी पलटे घोटायचे, पहिली पाळी असली की संध्याकाळी. गुरुजी पुस्तक उघडू देत नसत. एकदा मी रागाची व्याख्या विचारली, तेव्हा ते म्हणाले, “आधी यमनमध्ये वर्षभर राहा. मग व्याख्या तूच सांगशील.”

मध्यमा-विशारदच्या लेखी पेपरासाठी मात्र पुस्तकं आणावीच लागली. थाट म्हणजे काय, वादी-संवादी, पूर्वांग-उत्तरांग, बावीस श्रुती, ग्राम आणि मूर्च्छना, पलुस्कर आणि भातखंडे लिपींतला फरक, ग्रंथकारांची माहिती. बसमध्ये, कँटीनमध्ये मी हे पाठ करत असे. गुणही चांगले मिळाले. पण सतार खोळीतून काढली की ते सगळं पुस्तकातच राहायचं. दोन वेगळे विषय शिकत असल्यासारखी ती वर्षं गेली.

हे दोन विषय एकत्र आले ते एका टेपमुळे. विशारदच्या अभ्यासक्रमात श्रीनिवास पंडिताने तारेच्या लांबीवर स्वर कसे बसवले, हा प्रश्न असतो. सतराव्या शतकात अहोबलाने ‘संगीत पारिजात’ या ग्रंथात वीणेच्या तारेची लांबी विभागून स्वरस्थानं सांगितली आणि श्रीनिवासाच्या ‘रागतत्त्वविबोधा’त तीच रीत आहे. उत्तर लिहिताना तार ३६ इंचांची धरतात. मोकळी तार षड्ज. बरोबर मध्यावर, १८ इंचांवर, वरचा षड्ज. २७ वर मध्यम, २४ वर पंचम, आणि षड्ज-पंचमाच्या मधोमध ३० वर गंधार. हे आकडे मला तोंडपाठ होते. एका रविवारी ते घोकत असताना मनात आलं की माझ्यासमोर तार आहे, माझ्या कपाटात स्टीलची टेप आहे, आणि आयुष्यभर मी मापं घेण्याचंच काम करतो आहे. मग हे मोजून का बघू नये?

मोजायला लागलो आणि पहिल्याच मापाला अडलो. तार जिथून सुरू होते त्या मेरूपासून ती जिच्यावर टेकते त्या घोडीपर्यंतच्या अंतराच्या बरोबर मध्यावर जो पडदा होता तो षड्जाचा नव्हताच. तो मध्यमाचा होता. काही वेळ विचार केल्यावर उलगडलं: सतारीची मुख्य, म्हणजे बाजाची तार षड्जात नसतेच, ती मंद्र मध्यमात मिळवलेली असते. म्हणजे मध्यावर मध्यमच यायला हवा. मग मध्य षड्ज कुठे? मंद्र मध्यमापासून मध्य षड्ज हे अंतर पंचमाचं, म्हणजे तारेच्या दोन तृतीयांश लांबीवर. हिशोबाला सोपं जावं म्हणून तार ९० सेंटिमीटर धरली तर षड्ज ६० वर, कोमल गंधार ५० वर, मध्यम ४५ वर, पंचम ४० वर आणि तार षड्ज ३० वर. श्रीनिवासाचे ३६, ३०, २७, २४ आणि १८ हे आकडे त्याच प्रमाणात माझ्या सतारीच्या दांडीवर बसलेले होते. ज्या पडद्यांवरून माझी बोटं रोज फिरत होती, ते साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाने मांडलेल्या हिशोबात उभे होते. त्या दिवशी मी खूप वेळ नुसता मोजत बसलो.

त्यात आणखी एक गोष्ट दिसली. श्रीनिवासाचा शुद्ध गंधार ३० इंचांवर येतो, आणि तो आजचा कोमल गंधार आहे. जुन्या ग्रंथांचं शुद्ध सप्तक आजच्या काफीच्या जवळ जाणारं होतं. आपण बिलावल हे शुद्ध सप्तक मानतो. पाटण्याच्या महंमद रझा यांनी १८१३ च्या ‘नगमाते आसफी’ या ग्रंथात बिलावलला हे स्थान दिलं आणि पुढे भातखंड्यांनी ते पक्कं केलं. ‘शुद्ध’ स्वर कोणते हेसुद्धा काळानुसार बदलत आलं आहे, हे पुस्तकात वाचून मला काहीच वाटलं नव्हतं. टेप धरल्यावर ते अंगावर आलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि प्रत्यक्षात पडदे बरोबर त्याच मापावर आहेत का रे?” नव्हते. हिशोबाच्या जागेपेक्षा बहुतेक पडदे किंचित मेरूच्या बाजूला सरकलेले होते. ते म्हणाले, “बोटाने तार दाबलीस की ती ताणली जाते. ताणली की स्वर चढतो. तो चढणार हे धरूनच पडदा थोडा मागे बांधायचा. आणि घोडी बघ, केवढी रुंद आहे. तार तिच्यावर नक्की कुठे सुटते, ते सांग.” सांगता येत नाही. जवारीच्या त्या रुंद, किंचित उतरत्या पृष्ठावर तार लोळत सुटते, म्हणूनच सतारीला तो गुंजणारा नाद आहे. कारखान्यात मापाला ‘टॉलरन्स’ असतो, म्हणजे किती फरक चालेल याची मर्यादा. इथे ती मर्यादा कान ठरवतो. शास्त्राने जागा सांगावी आणि कानाने ती पक्की करावी, असा दोघांचा करार आहे, आणि दोन्ही पक्ष हजर असले तरच तो पाळला जातो.

त्यानंतर मी लेखी पेपरातला प्रत्येक विषय सतारीवर नेऊन बघू लागलो. थाटाचं उदाहरण घ्या. माझ्या सतारीवर मध्य सप्तकात गंधार, मध्यम आणि निषाद यांच्या दोन्ही रूपांचे पडदे आहेत, पण ऋषभ आणि धैवताचा एकेकच. यमन वाजवून झाल्यावर भैरव घ्यायचा तर ते दोन पडदे हाताने वर सरकवावे लागतात. पडदे बांधलेले दोरे सैल-घट्ट करत, कान लावून, ते कोमलावर आणायचे. हे करताना थाट म्हणजे काय हे हाताला कळतं. राग वाजवण्याआधी वाद्याची जी मांडणी करावी लागते, ती थाट. भातखंड्यांनीही तरुणपणी सतार शिकली होती. त्यांच्या दहा थाटांच्या वर्गीकरणात मला ते पडदे सरकवणं दिसतं.

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं. तिथून आणून मी भातखंड्यांच्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे भाग वाचायला घेतले. मराठीत लिहिलेले हे चार ग्रंथ आहेत, गुरू-शिष्यांच्या संवादाच्या रूपात. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो, शिष्य पुन्हा अडवतो. मला तर ते पंचवटीच्या वाड्यातलंच बोलणं वाटलं. वकिलीची पदवी घेतलेला हा माणूस गावोगाव फिरला. १९०४ मध्ये दक्षिणेत जाऊन तिथली मेळपद्धती त्याने समजून घेतली. व्यंकटमखीने गणिताने ७२ मेळ मांडले होते. भातखंड्यांनी उत्तरेत प्रत्यक्ष गायल्या-वाजवल्या जाणाऱ्या रागांकडे बघून दहा थाट निवडले. म्हणजे थाट आकाशातून पडलेले नाहीत. एका कष्टाळू माणसाने, त्याच्या काळात, हाताशी असलेल्या रागांची केलेली ती व्यवस्था आहे.

हे कळल्याचा उपयोग शिकवताना होतो. आठवीतल्या एका मुलीने मला विचारलं होतं, “काका, भूपात म पण नाही आणि नि पण नाही. मग तो कल्याण थाटाचा कशावरून? आणि देसकारात पण तेच पाच स्वर आहेत, तर तो बिलावलचा का?” तिला मी आधी दोन्ही राग वाजवायला लावले. भूपात गंधारावर थांब, देसकारात धैवतावर. भूप संध्याकाळचा, खालच्या अंगात रमणारा. देसकार सकाळचा, वरच्या अंगात. तेच पडदे, पण हात दांडीवर वेगळ्याच भागात वावरतो. मग सांगितलं, की नुसत्या स्वरांवरून हा निवाडा होत नाही. भातखंड्यांनी चलन बघितलं, रागाचं नातं कोणाशी आहे ते बघितलं, आणि ठरवलं. तुला पटत नसेल तर कारण देऊन वाद घालता येतो. तिचा चेहरा खुलला. आपल्या शंकेला शास्त्रात जागा आहे हे कळलं की मूल धीट होतं, आणि धीट मुलाचा हातही मोकळा चालतो. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांचे स्वर एकच. त्यांच्यातला फरक ती पुढे स्वतःच ऐकायला लागली.

लिप्यांचंही तसंच. भातखंडे लिपीत मंद्र स्वराच्या खाली टिंब येतं. पलुस्कर लिपीत मंद्राचं टिंब वर असतं आणि तार स्वरावर उभी रेघ. एकीत समेला ‘×’ आणि कालीला शून्य, दुसरीत समेला ‘१’ आणि कालीला ‘+’. परीक्षेला हे पाठ करावं लागतं आणि मुलं वैतागतात. मी त्यांना मिंडेची एक साधी जागा वाजवून दाखवतो. एकाच पडद्यावर तार बाजूला ओढून पंचमावरून गंधाराकडे उतरायचं. मग म्हणतो, आता हे लिहा. ते ‘प’ लिहितात, ‘ग’ लिहितात, वर कंस काढतात. मी पुन्हा वेगळ्या वेगाने उतरतो, वाटेत मध्यमाला किंचित स्पर्श करतो. कागदावर तेच दोन स्वर आणि तोच कंस. मग दोन्ही विष्णूंनी, विष्णु दिगंबरांनी आणि विष्णु नारायणांनी, कशाशी झुंज घेतली होती ते मुलांना कळतं. उडून जाणारी गोष्ट पुढच्या पिढीसाठी धरून ठेवायची होती. जेवढी धरता आली तेवढी त्यांनी धरली. बाकीची गुरूच्या समोर बसूनच घ्यायची आहे.

विष्णु दिगंबर पलुस्करांचा विषय नाशिककराने तर टाळूच नये. मी वर्षानुवर्षं रामकुंडावरून गुरुजींच्या वाड्याकडे जात होतो. ज्या मंडळाच्या परीक्षा देत होतो त्याच्या मुळाशी असलेला माणूस आयुष्याच्या शेवटच्या पर्वात याच पंचवटीत राहिला होता, हे मला विशारदच्या अभ्यासात कळलं. कुरुंदवाडला १८७२ मध्ये जन्म. लहानपणी दत्तजयंतीच्या दारूकामात डोळ्यांना इजा झाली आणि दृष्टी अधू झाली. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तालीम. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालयाची स्थापना, संस्थानिकाच्या आश्रयावर नाही तर लोकांच्या पाठबळावर. १९०८ मध्ये मुंबईत शाखा. तिथल्या इमारतीचं कर्ज डोईजड झालं, वास्तू हातची गेली, आणि ते नाशिकला आले. इथे त्यांचा रामनाम आधार आश्रम होता. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेला त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन मंडळ स्थापन केलं. मुलगा दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. तोच पुढे डी. व्ही. पलुस्कर म्हणून गाजला आणि १९५५ मध्ये, पस्तिशीही न गाठता गेला.

हा इतिहास मला परीक्षेच्या टिपेपुरता राहिला नाही, त्याला कारण आहे. माझ्या घरात गाणं नव्हतं. एकादशीचं भजन सोडलं तर वाद्य कोणी हातात धरलेलं नव्हतं. घराणं, वशिला, गुरूच्या घरी पाणी भरत राहण्याची सवड, यातलं काही माझ्याकडे नव्हतं. पाळ्यांची नोकरी करणाऱ्या माणसाने ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी, परवडेल अशी फी देऊन सतार शिकावी, तिची पाठ्यपुस्तकं असावीत, पायरीपायरीने परीक्षा असाव्यात, ही सोय कोणीतरी आयुष्य वेचून केली तेव्हा झाली. गांधर्व महाविद्यालयाने गाणं वर्गात आणलं, मध्यमवर्गीय घरांत नेलं, मुली-बायकांना शिकण्याची प्रतिष्ठित वाट करून दिली. माझ्याकडे येणाऱ्या आजीबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे मी इथे बसलेय ते त्यांच्यामुळे.” बरोबर आहे. म्हणून नवीन विद्यार्थी प्रारंभिकचा फॉर्म भरतो तेव्हा मी त्याला पंचवटीत घेऊन जातो. इंद्रकुंडापाशी महापालिकेचं पलुस्कर सभागृह आहे, तिथे ही गोष्ट सांगतो. या गावाने एका थकलेल्या, कर्जातून बाहेर पडलेल्या गायकाला आसरा दिला, याचा मला अभिमान आहे.

नाशिक जिल्ह्याशी आणखी एक धागा लागतो, तोही शास्त्राचा. सिन्नर ही यादवांची जुनी राजधानी. कारखान्याच्या कामाने सिन्नरला गेलो की गोंदेश्वराच्या देवळात जाऊन येत असे. पुढे यादवांची राजधानी देवगिरीला गेली, आणि तिथे तेराव्या शतकात सिंघण राजाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. उत्तर आणि दक्षिण, दोन्ही संगीतपद्धती ज्याला आधार मानतात असा हा ग्रंथ. शार्ङ्गदेव राजाच्या हिशोब खात्याचा अधिकारी होता. भातखंडे वकील. बावीस श्रुतींवर १९१० मध्ये पुस्तक काढणारे सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर, त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर उपकरणावर मोजले. नोकरी-व्यवसाय सांभाळून या माणसांनी संगीताचा विचार केला. थकून घरी आल्यावर सतारीला हात लावायचं जिवावर यायचं, तेव्हा या नावांनी मला उभारी दिली आहे.

रत्नाकरात, आणि त्याच्याही आधी भरताच्या नाट्यशास्त्रात, श्रुती सिद्ध करायला दोन वीणा घेतल्या आहेत. एक स्थिर, दुसरी थोडी थोडी उतरवत न्यायची. मला हे कित्येक वर्षं नीट समजत नव्हतं, कारण ‘वीणा’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पडद्यांची दांडी यायची. मग एका पुस्तकात समुद्रगुप्ताच्या नाण्याचं चित्र बघितलं. राजा मांडीवर वीणा घेऊन बसला आहे आणि ती वीणा धनुष्यासारख्या आकाराची आहे, प्रत्येक स्वराला वेगळी मोकळी तार. तेव्हा प्रकाश पडला. मोकळ्या तारांच्या वाद्यावर एकेक तार उतरवून दुसऱ्या वीणेशी पडताळणं सहज जमतं. मी सतारीच्या तरफा, म्हणजे पडद्यांखालून जाणाऱ्या गुंजणाऱ्या तारा, वापरून ते विद्यार्थ्यांना दाखवतो. षड्जाची तरफ स्थिर ठेवायची, दुसरी पंचमाला मिळवायची आणि केसभर उतरवायची. दोघी जुळल्या की वरची मुख्य तार न छेडताही नाद भरतो. किंचित सुटल्या की तो विझतो. भरताने संवादासाठी नऊ आणि तेरा श्रुतींचं अंतर सांगितलं आहे, म्हणजे षड्ज-मध्यम आणि षड्ज-पंचम. हात न लावलेली तरफ आपोआप थरथरताना पाहिली की शाळकरी पोरं ओरडतात. नऊ आणि तेरा हे आकडे मग त्यांना पाठ करावे लागत नाहीत.

सतारीच्या स्वतःच्या इतिहासात एक अवघड जागा आहे. अनेक गाइडांत अजून छापलेलं असतं की सतार अमीर खुस्रोने शोधली. खुस्रो १३२५ मध्ये गेला. सतारीचा ठळक माग मात्र अठराव्या शतकातल्या दिल्लीत लागतो आणि अभ्यासक तिथल्या खुस्रो खाँ या वेगळ्या कलावंताकडे बोट दाखवतात. नावांच्या सारखेपणाने श्रेय चारशे वर्षं मागे गेलं. विद्यार्थ्यांना मी दोन्ही सांगतो: प्रचलित समज काय आहे आणि पुरावा काय म्हणतो. उत्तरपत्रिकेत दोन्ही लिहा, म्हणतो. आपल्या लाडक्या वाद्याबद्दलसुद्धा पुरावा मागायची सवय लागली, तर ती संगीताबाहेरही उपयोगी पडते.

याच इतिहासाने माझं वाजवणं बदललं. मसीतखानी गत मी शिकलो तेव्हा ती फक्त बोलांची ओळ होती: दिर दा दिर दा रा, दा दा रा. बाराव्या मात्रेपासून उचल, समेवर ‘दा’. मसीत खाँच्या काळात सतार बीनकारांच्या छायेत वाढत होती, धृपदाचं भारदस्तपण तिच्यात उतरत होतं, हे वाचल्यावर त्या बोलांमधल्या मोकळ्या जागांकडे माझं लक्ष गेलं. ती गत घाईने वाजवायची नाही, बोलाबोलांत आस टिकवायची, हे गुरुजी सांगत आलेच होते. कशासाठी ते आता कळलं. रझाखानी गत लखनौच्या वातावरणातली, ठुमरी-तराण्याच्या जवळची, द्रुत. ती वाजवताना मनगट आपोआप वेगळं पडायला लागलं. विलायत खाँनी गायकी अंगासाठी तारांची मांडणी बदलली आणि लांब मींड पेलेल अशी सतार घडवून घेतली. रविशंकरांनी खर्जाच्या तारा ठेवून मंद्र आलापीचं क्षेत्र वाढवलं. सतार घ्यायला आलेल्याला दुकानदार विचारतो, कोणत्या पद्धतीची हवी? त्या प्रश्नात विसाव्या शतकाचा सगळा इतिहास आहे, आणि तो माहीत नसेल तर उत्तर देता येत नाही.

मिरजेला जवारी काढायला गेलो की हे शिक्षण पुढे चालतं. तिथले सतारमेकर मूळचे शस्त्रं घडवणारे कारागीर. शस्त्रांची मागणी ओसरल्यावर एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली आणि त्यांच्या वंशजांनी ती कला वाढवली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या एका वयस्कर कारागिराला मी माझी मापं दाखवली. त्यांनी वही बाजूला ठेवली, घोडीवर कानस फिरवली, तार चढवून ऐकली, पुन्हा उतरवली, पुन्हा घासली. शेवटी पडदे बांधले तेही ऐकूनच. काम झाल्यावर मला म्हणाले, “आता तुमची टेप लावा.” लावली. ज्या जागा मी हिशोबाने काढल्या होत्या, तिथेच, त्या नेहमीच्या किंचित फरकासह, पडदे आले होते. त्यांना श्रीनिवास माहीत नव्हता. त्यांच्या कानात तो होता.

म्हणूनच मी कोणाला असं सांगत नाही की शास्त्राशिवाय संगीत येत नाही. येतं. उत्तम येतं. माझ्याकडे एक गृहस्थ होते, नुसतं ऐकून ते किरवाणीच्या जागा अचूक काढत. त्यांना स्वरांची नावं सांगता येत नसत. आणि दुसरीकडे एक तरुण होता, दहा थाटांची सगळी माहिती त्याच्या जिभेवर, पण जोडाची तार उतरलेली त्याला ऐकू येत नसे. त्या गृहस्थांना नावं मिळाल्यावर त्यांना आठवणीत ठेवणं, दुसऱ्याला सांगणं आणि चूक शोधणं सोपं झालं. त्या तरुणाची पुस्तकं मी काही महिने बंद करवली आणि रोज फक्त तारा मिळवायला लावल्या. औषध दोघांचं वेगळं होतं. शास्त्र कोणाला, कधी आणि किती द्यायचं, हे ओळखणं हाच शिकवण्याचा निम्मा भाग आहे.

आता माझी रीत ठरून गेली आहे. पहिली काही वर्षं व्याख्या नाहीत. तारा मिळवणं मात्र पहिल्या दिवसापासून, कारण संवादाचं सगळं शास्त्र तिथे आहे. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात आणि पावसाळी दमटपणात सतार वेगवेगळी वागते, खुंट्या फुगतात, तारा उतरतात, तेव्हा का उतरल्या ते तिथल्या तिथे सांगायचं. प्रत्येकाकडे एक वही असते, तिच्यात उत्तरं लिहायची नाहीत, हाताला पडलेले प्रश्न लिहायचे. हा पडदा एवढा लांब आणि तो जवळ का? दोन रागांचे स्वर एक तर रंग वेगळा का? गत बाराव्या मात्रेलाच का उचलायची? शिकवणीच्या शेवटी त्यातला एक प्रश्न घ्यायचा, आधी सतारीवर शोधायचा, मग पुस्तकात. लेखी परीक्षा जवळ येते तेव्हा अर्ध्याहून जास्त अभ्यासक्रम त्यांच्याच प्रश्नांतून झालेला असतो. उरलेला पाठ करावा लागतो, आणि तोही ते तक्रार न करता करतात.

नाशिकमध्ये संगीताचे वर्ग पुष्कळ आहेत आणि आईबाप मुलांना हौसेने घालतात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. शिक्षक किती राग शिकवतात हे जरूर विचारा, पण मुलाने ‘असं का?’ विचारलं तर त्यांना आवडतं का, हेही बघा. आणि शिक्षकांना सांगणं आहे की थिअरीचा तास वेगळा लावू नका. त्या तासालाही मुलांना वाद्य घेऊन बसू द्या, तारा मिळवलेल्या असू द्या, आणि फळ्यावर लिहाल ती प्रत्येक ओळ त्यांना लगेच वाजवून बघू द्या. जी ओळ वाजवून बघता येत नाही, ती निदान कोणत्या माणसाने, कुठे बसून, कोणत्या अडचणीपोटी लिहिली, ते सांगा. मला हे कळायला अर्धी नोकरी सरली. माझ्या विद्यार्थ्यांना ते प्रवेशिकेतच कळावं, यासाठी मी शिकवतो.